टिप किती ठेवावी, आणि पगार कोणी द्यावा?

प्रश्न असा आहे: नागपुरात घरच्यांसोबत हॉटेलात जेवायला गेलं तर टिप किती ठेवावी? बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर वेगळी द्यावी का? ती वेटरच्या हातात पडते का? आणि आपण टिप देतो म्हणूनच मालक पगार वाढवत नाहीत, असं तर नाही ना?

मी सीताबर्डीत वेटर म्हणून लागलो, पुढे सदरमध्ये कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) आणि मॅनेजर झालो, आणि आता त्रिमूर्तीनगरच्या बाजूला भागीदारीत रेस्टॉरंट चालवतो. ट्रे उचलण्यापासून पगाराच्या रजिस्टरवर सही करण्यापर्यंत सगळं केलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

होय, बऱ्याच ठिकाणी असंच होतं. भंडारा, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा या बाजूने पोरगा कामाला येतो. गाववाल्याच्या ओळखीने एखाद्या हॉटेलात उभा राहतो. काउंटरवर त्याला सांगतात, "पगार इतका, राहणं-खाणं आमच्याकडे, आणि वरून टिप सुटते." टिप किती सुटते याचा अंदाज मालकाने आधीच बांधलेला असतो आणि पगार तेवढा खाली धरलेला असतो. पोरगा हो म्हणतो, कारण घरी पैसे पाठवायचे असतात आणि पहिल्या दिवशी अंग टेकायला जागा मिळत असते.

नुकसान महिनाभराने कळतं. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, लग्नसराई असते, टेबलं भरलेली असतात, टिपही बरी जमते. मग मे उजाडतो. दुपारी ४५ अंशांत कोण घराबाहेर पडणार? श्रावण लागला की मटण-चिकनवाल्या हॉटेलांत माशा. पितृपक्षातही तेच. या महिन्यांत मालकाची विक्री घटते हे खरं, पण वेटरचं तर निम्मं उत्पन्नच गायब होतं. कामाचे तास तेवढेच, उभं राहणं तेवढंच, घरच्या हप्त्याची तारीख तीच. धंद्याच्या मंदीचा बोजा ज्याला सगळ्यात कमी झेपतो त्याच्या डोक्यावर टाकायचा, हा या व्यवस्थेतला खरा अन्याय आहे. गिऱ्हाइकाने शंभराची नोट ठेवली की पन्नासची, हा मुद्दा त्यापुढे फार लहान आहे.

अमेरिकेत ही गोष्ट कायद्यातच लिहिलेली आहे. तिथे टिपवर काम करणाऱ्याला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याला चालतं, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीच्यांचं केंद्रीय किमान वेतन ७.२५ डॉलर. मधला फरक टिपमधून भरून निघावा, न निघाल्यास मालकाने भरावा, अशी ती रचना. काही राज्यांनी ती मोडून सगळ्यांना एकच किमान वेतन केलं आहे, कॅलिफोर्निया त्यातलंच. म्हणून तिथले नातेवाईक आपल्याला सांगतात की १५-२० टक्के टिप दिलीच पाहिजे. त्यांचं तिथे बरोबर आहे.

आपल्याकडे अशी कोणतीही सूट मालकाला नाही. वेटरला टिप मिळो वा न मिळो, किमान वेतन मालकानेच द्यायचं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली महाराष्ट्रात हॉटेल-उपाहारगृहांच्या कामगारांसाठी कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर परिमंडळानुसार ठरत आले आहेत, त्यावर महागाईनुसार ठरणारा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. आता त्या कायद्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, जादा कामाला दुप्पट दर, प्रत्येकाला पगाराची पावती, आणि माणूस काम सोडून गेला किंवा काढला तर दोन कामकाजी दिवसांत हिशेब पूर्ण, हे त्यात स्पष्ट आहे.

"राहणं-खाणं आमचं" हे वाक्यही तपासून घ्यायला हवं. मालक म्हणतो, खोली आणि दोन वेळचं जेवण देतो, ते धरलं तर पगार भरपूर होतो. संहितेनुसार वस्तूच्या रूपात दिलेल्या मोबदल्याची किंमत एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येते. स्टोअररूमच्या वर पत्र्याखाली दहा जण झोपवायचे आणि त्यापोटी निम्मा पगार धरायचा, हे त्यात बसत नाही.

कापाकापीचंही तसंच. ग्लास फुटला, कापले. गिऱ्हाईक बिल न देता निघून गेलं, त्या टेबलच्या वेटरचे कापले. मी वेटर असताना माझ्या पगारातून असं पळालेलं बिल कापलेलं आहे आणि त्या महिन्यात घरी काय सांगायचं हे सुचलं नव्हतं. नुकसान भरून घ्यायचं तर ते कामगाराच्या हलगर्जीने झालं असलं पाहिजे, त्याला आधी बाजू मांडायची संधी दिली पाहिजे आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. दंडही त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर नाही. हे किती कॅप्टन-मॅनेजरना माहीत असतं? मॅनेजर झाल्यावरही मला कोणी सांगितलेलं नव्हतं, मी ते वाचून शोधलं.

मालकांची बाजूही मी रोज जगतो. धरमपेठ किंवा रामदासपेठेतलं भाडं, गॅसचा व्यावसायिक सिलिंडर, डिलिव्हरी ॲपवाल्यांचं कमिशन, तेल. यातलं काहीच आपल्या हातात नसतं. घरमालक ऐकत नाही, गॅस एजन्सी ऐकत नाही, मग कात्री पगारावर चालते, कारण पगार घेणारा समोर उभा असतो आणि तो फार बोलत नाही. "परवडत नाही" हे प्रामाणिकपणे म्हणणारे मालक मला माहीत आहेत. पण त्यांच्यातल्या फार थोड्यांनी आकडेमोड केलेली असते.

समजण्यासाठी एक उदाहरण मांडतो. महिन्याला १२ लाखांची विक्री आणि १८ माणसं असलेलं मध्यम हॉटेल धरा. प्रत्येकाचा पगार २,००० रुपयांनी वाढवला तर महिन्याला ३६,००० रुपये. कर्मचारी राज्य विम्याचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे आणखी १,१७० रुपये. एकूण ३७,१७०. विक्रीच्या ३.१ टक्के. म्हणजे ३०० रुपयांची पनीरची भाजी साधारण ३०९ रुपयांना विकावी लागेल. नऊ रुपयांसाठी कुठलं कुटुंब टेबलवरून उठून जाणार आहे? पण तेच नऊ रुपये मेनूकार्डवर लिहायची मालकाला भीती वाटते, कारण समोरच्याचं पनीर ३०० लाच आहे. ही भीती खोटी नाही. न्यूयॉर्कमध्ये डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांत टिप बंद करून पगार मेनूच्या दरात धरायचं जाहीर केलं. दर चढे दिसू लागले, चांगली टिप मिळवणारे वेटर दुसरीकडे गेले, आणि २०२० मध्ये टिप पुन्हा सुरू झाली. म्हणून "टिप बंद करा" हे मी सुचवत नाही. आधी पगार नीट द्या, मेनूचे दर त्या हिशेबाने लावा, आणि टिपला वरची मिळकत राहू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

विम्याचा उल्लेख आला म्हणून थोडं थांबतो, कारण किचनमध्ये पगाराइतकंच तेही महत्त्वाचं आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या हॉटेलात २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराचा विमा काढलाच पाहिजे. त्याच्या पगारातून फक्त ०.७५ टक्के जातात. तंदूरवर हात भाजणं, कढईतलं तेल उडणं, ओल्या फरशीवर घसरणं हे आमच्याकडे नवीन नाही. नोंदणी असेल तर सोमवारी पेठ या भागातल्या कामगार विमा रुग्णालयात उपचार होतात आणि कामावर झालेल्या दुखापतीत घरी बसावं लागलं तर वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. नोंदणी नसेल तर मालक पाचशेची नोट आणि बर्नॉलची ट्यूब देतो. पगार वाढवून घेण्याइतकाच आग्रह कामगारांनी या नोंदणीचा धरावा, असं मला मनापासून वाटतं. वीस माणसं झाली की भविष्य निर्वाह निधीही लागू होतो.

आता सर्व्हिस चार्ज. तो कर नाही. सरकारकडे त्यातला पैसा जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली: हॉटेलने तो आपोआप बिलात जोडू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये, दिला नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, काही काळ स्थगिती होती, आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने ही तत्त्वं कायम ठेवली. वर्धा रोडच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात बिलात तो दिसला तर "हा काढून द्या" म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मात्र हे वेटरला सुनावू नका. बिल त्याने बनवलेलं नसतं आणि ते बदलायचं बटण त्याच्याकडे नसतं. काउंटरवर जा, मॅनेजरशी बोला.

काढून घेतल्यावर त्यातला काही भाग टेबलवर रोख ठेवलात तर फार चांगलं. १,५०० रुपयांच्या बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे १५० रुपये, त्यावर पुन्हा ५ टक्के जीएसटीचे साडेसात रुपये. त्या १५० मधले स्टाफपर्यंत किती पोचतात, हे प्रत्येक हॉटेलच्या मालकावर आहे. काही ठिकाणी पूर्ण वाटतात, काही ठिकाणी अर्धे "ब्रेकेज"च्या (फुटलेल्या भांड्यांच्या) नावाखाली मालकाकडेच राहतात, काही ठिकाणी त्यातूनच पगार होतो. तुम्ही स्वखुशीने ठेवलेल्या टिपवर जीएसटी लागत नाही आणि ती कोणाला दिली हे तुम्हाला माहीत असतं.

यूपीआयने मात्र या सगळ्याची घडी विस्कटली आहे. पूर्वी बिलाच्या फोल्डरमध्ये बडीशेपेसोबत सुट्टे परत यायचे, गिऱ्हाईक त्यातली एखादी नोट उचलायचं आणि बाकी तिथेच राहायचं. आता ९८७ रुपयांचं बिल असेल तर क्यूआरवर बरोबर ९८७ टाकले जातात. गिऱ्हाइकाची नियत बदललेली नाही, फोल्डरमधले सुट्टे गेले. गोंदियाकडचा आमचा एक वेटर मला म्हणाला होता, "लोक चांगलेच आहेत जी, पण हाती काई पडतच नाही." ज्या हॉटेलांनी टिप धरून पगार ठरवले होते तिथे या बदलाचा फटका सरळ पोरांच्या खिशाला बसला आणि पगार मात्र तिथल्या तिथेच राहिले.

काही लोक बिलात जास्तीचे पन्नास-शंभर टाकून क्यूआर मारतात. तो पैसा मालकाच्या खात्यात जातो. मग तो कोणाचा? कार्डवर दिलेल्या टिपबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसी कंपनीच्या हॉटेलांच्या प्रकरणात हा मुद्दा पाहिला. प्रश्न आयकर कापण्याचा होता, पण न्यायालयाने म्हटलं की अशी टिप म्हणजे मालकाने दिलेला पगार नव्हे, मालक ती गिऱ्हाइकाकडून कर्मचाऱ्यांसाठी विश्वस्ताच्या नात्याने घेतो आणि पुढे वाटतो. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण मी तेव्हा मॅनेजर होतो आणि कार्डवरची टिप "नंतर बघू" म्हणून गल्ल्यातच राहिलेली मी पाहत होतो. ब्रिटनने तर वेगळा कायदाच केला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे मालकाला टिपमधून स्वतःसाठी काही कापून घेता येत नाही, आणि वाटप कसं करतो याचं लेखी धोरण दाखवावं लागतं. आपल्याकडे असा कायदा नाही. व्हायला हवा.

तोवर हॉटेलने स्वतः काय करावं, ते आमच्याकडच्या पद्धतीवरून सांगतो. काउंटरजवळ स्टीलचा डबा आहे, दोन कुलपांचा. एक किल्ली कॅप्टनकडे, एक तंदूरवरच्या उस्तादाकडे. यूपीआयवर जास्तीचे आले की गल्ल्यावरचा माणूस लगेच वहीत लिहितो आणि रात्री तेवढी रोख गल्ल्यातून डब्यात टाकतो. सोमवारी दुपारचं जेवण आटोपलं, टेबलं पुसून झाली, की चारच्या सुमारास डबा एका टेबलवर उपडा करतात. एक जण दहाच्या-वीसच्या नोटा सरळ करतो, एक मोजतो, एक लिहितो. पैसे गुणांवर वाटले जातात: कॅप्टन आणि वेटरला रोजचे ३ गुण, कूक, हेल्पर आणि भांडी घासणाऱ्या मावश्यांना २. गुण गुणिले हजेरीचे दिवस. समजा सर्व्हिसची ६ माणसं आणि आतली ९, सगळे सहा दिवस हजर. गुण झाले २१६. डब्यात ८,६४० रुपये निघाले तर एका गुणाला ४० रुपये. वेटरला ७२०, मावशीला ४८०. कोणाचा खाडा असेल तर त्याचे तेवढे दिवस वजा. कागद किचनच्या दारावर चिकटवतात, पुढच्या सोमवारपर्यंत तो तिथेच असतो. मालक, भागीदार, मॅनेजर यांना गुण नाहीत.

किचनला वाटा देण्यावरून आमच्याकडे चांगलीच वादावादी झाली होती. वेटर म्हणत, टेबलवर आम्ही उभे राहतो, लहान पोरांनी सांडलेलं आम्ही पुसतो, लोकांचं बोलणं आम्ही ऐकतो. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून तीनास दोन. पण रोटी फुगलेली आणि गरम आली म्हणूनही गिऱ्हाईक खूश होतं, आणि ती लाटणारा आत भट्टीसमोर आहे. सांबारवडीचं सारण कोणी परतलं, रात्री बाराला कढया कोणी घासल्या, ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. ज्यांच्याकडे टेबल नाही त्यांना टिप मागायची जागाच नाही. माझ्या मते वाटणी झालीच पाहिजे, आणि तिचे आकडे स्टाफने बसून ठरवावेत.

मग टिप किती? तर्रीपोह्यांच्या ठेल्यावर किंवा सावजी भोजनालयात, जिथे मालकच वाढतो, तिथे कोणी टिप देत नाही आणि कोणी अपेक्षाही करत नाही. मसाला डोशाच्या साध्या हॉटेलात दहा-वीस रुपये. फॅमिली रेस्टॉरंटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील आणि पोराने धावपळ केली असेल तर थोडे जास्त. महागड्या ठिकाणी, सर्व्हिस चार्ज नसेल तर, दहा टक्क्यांपर्यंत. यात सक्ती कसलीच नाही. खिशात बेताचे असतील तर न देता उठा, फक्त पोराला "भाऊ, छान होतं" म्हणा. रोख ठेवता आली तर रोख ठेवा. यूपीआयनेच द्यायची असेल तर बिलाचे पैसे वेगळे आणि टिप वेगळी, शक्य असल्यास त्या पोराच्या स्वतःच्या नंबरवर.

आणि एकदा विचारून बघा, "ही टिप तुम्हा सगळ्यांत वाटली जाते का?" पोराने मॅनेजरकडे बघून उत्तर दिलं तर तुम्हाला काय ते कळेल. दहा गिऱ्हाइकांनी काउंटरवर हाच प्रश्न विचारला तर मालकालाही डबा ठेवावासा वाटेल. मी मालक म्हणून सांगतो, आम्ही गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला कामगाराच्या प्रश्नापेक्षा लवकर घाबरतो.

हे वाचणाऱ्यांत कोणी हॉटेलात काम करणारं असेल तर त्याच्यासाठी: पगार बँकेच्या खात्यात मागा, पावती मागा, हजेरीच्या रजिस्टरचा फोटो दर महिन्याला काढून ठेवा. उचल घेतली तर रक्कम आणि तारीख स्वतःच्याही डायरीत लिहा, कारण सोडताना भांडण तिथेच होतं. कमी मिळालेल्या पगाराचा दावा ३ वर्षांच्या आत करता येतो, युनियनमार्फतही करता येतो. कामगार खात्याचं कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट राहून गेली तर मला चैन पडणार नाही. वर्धा रोड, कोराडी रोड, काटोल रोडवरच्या लॉनमध्ये लग्नं होतात, तिथे पांढरा शर्ट आणि काळा बो लावून उभी असलेली केटरिंगची पोरं. त्यातली कितीतरी खोली करून शिकणारी, पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणारी. त्यांना एका कार्यक्रमाचे ठरलेले पैसे मिळतात, ठेकेदार त्यातून कधी शर्टाचं भाडंही कापतो, आणि रात्री दीडला लॉनच्या गेटबाहेर सोडून देतो, तिथून ऑटोही मिळत नाही. त्यांच्यासाठी टिपचा डबा नसतो. घरचं लग्न असेल तर केटररशी दर ठरवताना ताटाच्या भावासोबत हेही बोलून कागदावर घ्या: वाढणारी पोरं किती, त्यांना प्रत्येकी किती, त्यांचं जेवण शेवटच्या पंगतीच्या आधी, आणि काम संपल्यावर शहरात सोडायला गाडी.